प्रोपेलर शाफ्टचे योक रूपांतर

योक रूपांतर म्हणजे मोटारगाडीच्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला असलेला मूळ योक काढून त्या जागी वेगळ्या मापाचा योक किंवा वेगळ्या पद्धतीने जोडला जाणारा फ्लँज बसविणे होय. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या आणि कच्च्या, चढउताराच्या वाटांवर चालणाऱ्या जीपगाड्यांत हे रूपांतर प्रामुख्याने केले जाते. गाडीचा अ‍ॅक्सल किंवा गिअरबॉक्स बदलल्यावर मूळ शाफ्ट नव्या भागाशी जुळत नाही, अशा वेळी त्याची गरज पडते. मूळ सांधा कामाला अपुरा ठरणे, हेही त्याचे एक कारण असते. अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुका आणि एकूणच मेळघाट हा अशा गाड्यांच्या वापराचा प्रदेश असल्याने या लेखात उदाहरणे मुख्यतः तेथे चालणाऱ्या जीपगाड्यांची घेतली आहेत.

नाव आणि संज्ञा

‘योक’ हा इंग्रजी शब्द मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. त्याचा मूळ अर्थ बैलांच्या मानेवरचे जू असा आहे. मराठी ‘जू’ संस्कृत ‘युग’ या शब्दापासून आला असून ‘युग’ आणि ‘योक’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन भारोपीय मूळ शब्दाचे वंशज मानले जातात. अर्थही नीट जुळतो. जू बैलाला गाडीशी जोडते, तर योक एका फिरत्या दांड्याला दुसऱ्याशी जोडतो. तरीही कारखान्यात ‘जू’ म्हटल्यास कोणी ओळखणार नाही. तेथे ‘योक’ हाच शब्द चालतो, म्हणून या लेखातही तोच ठेवला आहे.

दोन योकांच्या मध्ये बसणाऱ्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्याला कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात. क्रॉसच्या चार टोकांवर बसणाऱ्या, आत सुईसारखे बारीक रोलर असलेल्या टोप्या म्हणजे ‘कप’. दोन योक, क्रॉस आणि कप मिळून जो सांधा तयार होतो तो युनिव्हर्सल जॉइंट होय. अ‍ॅक्सलसाठी पाठ्यपुस्तकांत ‘धुरा’ हा शब्द आढळतो. वऱ्हाडात मात्र ‘धुरा’ म्हणजे शेताचा बांध, त्यामुळे घोटाळा टाळण्यासाठी येथे ‘अ‍ॅक्सल’ असेच लिहिले आहे.

रचना

इंजिन व गिअरबॉक्स चौकटीला जखडलेले असतात, तर अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर सतत वरखाली होत असतो. या दोहोंना जोडणाऱ्या शाफ्टला म्हणूनच दोन गोष्टी साधाव्या लागतात, एक कोन बदलणे आणि दुसरी लांबी बदलणे. कोनाचे काम दोन टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट करतात. लांबीचे काम दातेरी सरकसांधा करतो. त्यात शाफ्टचा एक भाग दुसऱ्या भागात स्प्लाइनवर मागेपुढे सरकतो.

अ‍ॅक्सलच्या बाजूला शाफ्ट जोडण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत पिनियनवर अर्धगोल खाचांचा योक असतो. क्रॉसचे दोन कप त्या खाचांत बसतात आणि यू-बोल्टने आवळले जातात. विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये ही पद्धत आढळते. दुसरीत पिनियनवर सपाट, गोल फ्लँज असतो आणि शाफ्टच्या टोकाचा फ्लँज-योक चार बोल्टांनी त्याला जोडला जातो. मारुती जिप्सीमध्ये ही पद्धत आहे. पहिली पद्धत हलकी, स्वस्त आणि रस्त्यावर सोडविण्यास सोपी आहे. दुसरीत बोल्ट काढले तरी क्रॉसला हात लागत नाही, त्यामुळे रोलर सांडण्याची किंवा धूळ आत जाण्याची भीती राहत नाही. मेळघाटात बहुतेक रूपांतरे पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे जाणारी असतात, ती यामुळेच.

इतिहास

कोनात असलेल्या दोन दांड्यांना जोडणाऱ्या सांध्याशी सोळाव्या शतकातील इटालियन गणितज्ञ जेरोलामो कार्दानो यांचे नाव जोडले जाते. युरोपात त्याला अजूनही ‘कार्दान’ म्हणतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी या सांध्यातून जाणारी गती सम राहत नाही, हे अभ्यासले. मोटारगाडीत या सांध्याला स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यांनी. त्यांना १९०३ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी उत्पादन सुरू केले. तोवर मोटारी बहुधा सायकलसारख्या साखळीवर चालत असत. स्पायसर यांची कंपनी पुढे डाना या नावाने ओळखली जाऊ लागली. जीपच्या संदर्भात ‘डाना ४४’ अ‍ॅक्सल किंवा ‘स्पायसर १८’ ट्रान्सफर केस ही नावे वारंवार येतात, त्यांचा उगम हा आहे.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप भारतात आणून जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केले. अमेरिकेत सीजे-३बी या जीपचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिची वंशावळ एमएम-५४०, कमांडर, मार्शल अशा रूपांनी आणखी कित्येक वर्षे चालू राहिली. त्यामुळे एकाच घराण्यातील, पण वेगवेगळ्या काळांतील भाग आज एकाच गाडीत एकत्र आलेले दिसतात. सुझुकीच्या रचनेवर आधारलेली मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली.

मेळघाटातील वापर

धारणी हे मेळघाटातील तालुक्याचे गाव सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ आहे. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसालमार्गे येथे येणारा रस्ता घाटाचा आणि जंगलाचा आहे. १९७३-७४ च्या सुमारास देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. अकोला–खंडवा हा मीटरगेज लोहमार्ग या भागाच्या कडेने धावत असे. रुंदीकरणासाठी तो बंद झाल्यावर रस्त्यावरचे अवलंबित्व आणखी वाढले. तालुक्याच्या अंतर्भागातील कोरकू वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा काळ्या बेसाल्ट दगडाच्या आहेत. पावसाळ्यात सिपना, गडगा यांसारख्या नद्या आणि त्यांना मिळणारे ओढे त्या वाटा अडवितात.

अशा वाटेवर शाफ्टला तिहेरी त्रास होतो. ओढ्यातून जाताना कपात पाणी शिरते. सुकल्यावर ग्रीस गेलेले असते आणि सुयांना गंज चढतो. उन्हाळ्यात बारीक धूळ त्याच जागी जाऊन बसते. शिवाय चाक दगडात अडकून अचानक सुटले की धक्का थेट क्रॉसवर येतो. सांधा तुटला तर पुढे काय होते, हे गाडी कोठे आहे त्यावर ठरते. मैदानात गाडी थांबते. घाटात चढावर मागचा शाफ्ट तुटला तर इंजिन आणि मागची चाके यांचा संबंधच संपतो आणि प्रवाशांनी भरलेली गाडी मागे घसरू लागते. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये रुग्ण, बाळंतीण किंवा शाळेची मुले असण्याची शक्यता येथे नेहमीच असते. म्हणून हे काम हौसेचे मानून करणे बरे नाही.

रूपांतराची कारणे

सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे अ‍ॅक्सल बदलणे. जुन्या जीपचा क्राऊन-पिनियन झिजला की त्याच मापाचा नवा मिळणे कठीण होते, मग नंतरच्या गाडीचा पूर्ण अ‍ॅक्सल बसविला जातो आणि शाफ्टचे टोक जुळत नाही. दुसरे कारण झीज हे होय. यू-बोल्ट वारंवार आवळल्याने योकच्या खाचा पसरतात, कप आत हलू लागतो आणि कितीही आवळले तरी खडखडाट जात नाही. असा योक टाकूनच द्यावा. तिसरे कारण ताकदीचे आहे.

ताकदीचा अंदाज घेण्यासाठी एक उदाहरण पुरेल. समजा, इंजिनाचा कमाल आघूर्ण १२० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आहे आणि ट्रान्सफर केसच्या लो-रेंजचे २.४ आहे. तर शाफ्टवर १२० × ४ × २.४ म्हणजे ११५२ न्यूटन-मीटर आघूर्ण येऊ शकतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट असतील तर प्रत्येक बोल्टच्या वाट्याला ७२०० न्यूटन, म्हणजे सुमारे ७३० किलो वजनाइतके बल येते. दगडात अडकलेले चाक सुटण्याचा धक्का यात धरलेलाच नाही. याच्या उलट, चिखलात चाक जागच्या जागी फिरत असेल तर एवढा आघूर्ण शाफ्टवर कधीच साठत नाही. शाफ्ट तुटतो तो पकड असलेल्या कोरड्या दगडावर.

स्पायसर पद्धतीत क्रॉसच्या मापांना मालिका-क्रमांक आहेत. १३१० मालिकेत कपाचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर आणि क्रॉसची एकूण रुंदी सुमारे ८२ मिलिमीटर असते. १३३० मध्ये कप तोच, पण रुंदी सुमारे ९२ मिलिमीटर असते. १३५० मध्ये रुंदी ९२ च राहते आणि कप सुमारे ३० मिलिमीटरचा होतो. एका बाजूला १३१० आणि दुसऱ्या बाजूला १३३० मापाचे कप असलेला मिश्र क्रॉसही तयार मिळतो. योक बदलण्याआधी असा क्रॉस मिळतो का, हे पाहणे शहाणपणाचे. तो मिळाल्यास अर्धे काम लेथवर न जाताच होते.

काय स्वतः करावे आणि काय करू नये

योक हा घडवणीचा, म्हणजे तापवून ठोकून आकार दिलेला भाग असतो. त्याच्या दोन कानांतील छिद्रे एका रेषेत आणि शाफ्टच्या अक्षाशी काटकोनात असावी लागतात. साध्या लोखंडी ठोकळ्यातून योक कोरून काढणे, तुटलेला कान वेल्डिंगने जोडणे किंवा पसरलेल्या खाचेत पत्र्याची पट्टी घालणे हे तिन्ही प्रकार पाहावयास मिळतात आणि तिन्ही धोक्याचे आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने कानाजवळचे पोलाद ठिसूळ होते व पुढचा तडा तेथूनच जातो.

लेथ असलेल्या साध्या कारखान्यात विश्वासाने करता येण्यासारखा भाग एकच आहे, तो म्हणजे जोडचकती. एका बाजूला अ‍ॅक्सलच्या फ्लँजची छिद्रे आणि दुसऱ्या बाजूला शाफ्टच्या फ्लँज-योकची छिद्रे असलेली ही पोलादी चकती असते. योक व फ्लँज तयार घ्यावेत आणि त्यांच्यातील न जुळणारे अंतर चकतीने भरावे. घरच्या रूपांतराचा सुरक्षित मार्ग हाच आहे. अ‍ॅक्सलवर खाचांचा योक असेल तर आधी त्याच पिनियनच्या स्प्लाइनवर बसणारा फ्लँज शोधावा लागतो.

मोजमापे

सर्वप्रथम पिनियनवरचे स्प्लाइनचे दात मोजावेत. डाना ४४ अ‍ॅक्सलच्या पिनियनवर १० दातांचे आणि २६ दातांचे असे दोन्ही प्रकार आढळतात, त्यामुळे नुसत्या अ‍ॅक्सलच्या नावावर विसंबून भाग आणू नये. धारणीहून भाग आणायला परतवाडा किंवा अमरावती गाठावी लागते आणि दात चुकले की तो दिवस फुकट जातो. जुना योक पिशवीत घालून सोबत नेणे हा कोणत्याही तक्त्यापेक्षा खात्रीचा उपाय आहे.

दातांइतकेच महत्त्वाचे, पण हमखास विसरले जाणारे माप म्हणजे योकच्या मानेचा बाहेरचा व्यास. या मानेवर तेलाच्या सीलचे ओठ टेकतात. मान अर्धा मिलिमीटर जरी बारीक असली तरी सील गळते, तेल हळूहळू कमी होते आणि काही महिन्यांनी क्राऊन-पिनियन जळतो. दोष मग अ‍ॅक्सलला दिला जातो. मानेची लांबीही जुन्या योकइतकीच असावी. तिच्यावर झिजून खाच पडलेली असल्यास तो भाग घेऊ नये.

फ्लँजच्या बोल्टवर्तुळाचा व्यास काढण्यासाठी समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या आतल्या कडांमधील अंतर मोजून त्यात छिद्राचा व्यास मिळवावा. ७० मिलिमीटर अंतर आणि १० मिलिमीटरचे छिद्र असेल तर वर्तुळ ८० मिलिमीटरचे. छिद्रे समान अंतरावर असतील तर शेजारच्या छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर ५६.६ मिलिमीटर यायला हवे. ते तसे न आल्यास छिद्रांची मांडणी चौरस नसून आयताकृती आहे, असे समजावे. फ्लँजच्या मध्यभागी असलेला उंच कंगोरा किंवा त्याचा जोडीदार खोलगा यांचा व्यास व्हर्निअरने नेमका घ्यावा. शाफ्टला केंद्रात धरण्याचे काम हा कंगोरा करतो. बोल्टचे काम आवळण्याचे आहे. छिद्रांत नेहमी थोडी ढिलाई असते, त्यामुळे बोल्टच्या भरवशावर शाफ्ट कधीच केंद्रात बसत नाही.

जोडचकती घडविणे

चकतीसाठी ईएन-८ प्रतीचे मध्यम कार्बनचे पोलाद योग्य असून ते लेथवर सहज कापले जाते. भंगारातील प्लेट कोणत्या पोलादाची आहे हे कळत नाही, म्हणून ती वापरू नये. चकतीत आटे पाडून बोल्ट बसवायचा असेल तर जाडी निदान बोल्टच्या व्यासाइतकी, शक्य तर त्याहून थोडी अधिक ठेवावी. १० मिलिमीटर बोल्टला १२ मिलिमीटर जाडी बरी.

एका बाजूचा सपाट पृष्ठभाग आणि त्या बाजूचा कंगोरा किंवा खोलगा लेथवर एकाच पकडीत काढावा. चकती उलटविल्यावर डायल गेज लावून ती पुन्हा केंद्रात आणावी आणि मगच दुसरी बाजू कापावी. नुसत्या नजरेने केंद्र साधलेल्या चकतीमुळे शाफ्ट एका बाजूस ओढला जातो. दोन्ही वर्तुळांची छिद्रे एकमेकांपासून ४५ अंश फिरवून पाडल्यास ती एकमेकांत मिसळत नाहीत. यावर एक शंका नेहमी घेतली जाते की, चकती ४५ अंश फिरल्याने शाफ्टची जुळणी बिघडत नाही का? ती बिघडत नाही. जुळणी पाहायची ती शाफ्टच्या स्वतःच्या दोन टोकांच्या योकांमध्ये, पिनियन आणि शाफ्ट यांच्यात नव्हे.

बोल्टच्या डोक्यावरील ८.८ किंवा १०.९ हे आकडे त्याची ताकद सांगतात. पहिला आकडा तुटण्याच्या ताणाचा आहे, म्हणजे अनुक्रमे ८०० आणि १००० मेगापास्कल. दुसऱ्या आकड्यावरून त्याच्या किती टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा न ताणता टिकेल ते कळते. या जागी १०.९ चे बोल्ट वापरावेत. दोन फ्लँज जेथे मिळतात तेथे बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत भाग यावा. आकडे नसलेला बोल्ट कितीही नवा दिसला तरी तो खिडकीच्या गजासाठी ठेवावा.

गाडी उभी करण्यातील धोका

विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूस, मागचा शाफ्ट जेथे जोडला जातो तेथेच असतो. याचा अर्थ मागचा शाफ्ट सोडविताच हँडब्रेक मागच्या चाकांना धरू शकत नाही. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही त्याच क्षणी मोकळी होते, कारण गिअरची पकड याच शाफ्टमधून चाकांपर्यंत जाते. पुढची चाके गुंतविलेली असतील तरच काही आधार राहतो. उतारावर गाडीखाली झोपून शेवटचा यू-बोल्ट काढणारा माणूस म्हणजे स्वतःच्या छातीवरून जाणारी गाडी सोडणारा माणूस होय. शाफ्टला पाना लावण्यापूर्वी जागा सपाट असल्याची खात्री करावी, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची किंवा लाकडाची उटी लावावी आणि चौकट जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी.

बसविण्याची रीत

जुना शाफ्ट काढताना सरकसांध्याच्या दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करावी. अनेक शाफ्टवर कारखान्याने बाणाच्या खुणा केलेल्या असतात, पण त्या चिखलाखाली दडलेल्या असतात. पिनियनचा नट सोडण्याआधी पिनियन हाताने फिरवून त्याचा जडपणा लक्षात ठेवावा आणि नटाची जागा रंगाने खुणावून त्याचे आटे किती बाहेर आहेत ते मोजावे. काही अ‍ॅक्सलमध्ये पिनियनच्या बेअरिंगांमध्ये दाबली जाणारी पोकळ नळी असते. अशा अ‍ॅक्सलमध्ये नट प्रमाणाबाहेर आवळल्यास ती नळी कायमची चेपते आणि बेअरिंग आवळून गरम होतात. डाना ४४ सारख्या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंगचा ताण शिमच्या चकत्यांनी ठरविलेला असतो, त्यामुळे तेथे योक बदलणे तुलनेने निर्धास्त असते. दोन्हीकडे सील मात्र नवे घालावे.

नवा फ्लँज हातोडीने ठोकून बसवू नये. ठोकण्याचा आघात आतल्या बेअरिंगवर जातो. स्प्लाइनवर तेलाचे बोट फिरवून फ्लँज वॉशर व नटाने हळूहळू आत ओढावा. क्रॉसचे कप बसविताना सुया ग्रीसने जागेवर चिकटवाव्यात. एखादी सुई आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि लॉकची कडी तिच्या खाचेत बसत नाही. अशा वेळी कप जोराने ठोकण्याचा मोह होतो. तसे न करता कप बाहेर काढून सुया मोजाव्यात. एका टोकाला खाचांचा योक तसाच ठेवला असेल तर तेथील लहान यू-बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटरहून अधिक आवळू नयेत. जास्त आवळल्याने कप लंबगोल होतो आणि काही दिवसांतच क्रॉस जातो. ‘अजून एक पीळ’ देण्याची सवय येथे नडते.

कोन आणि जुळणी

युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना पुढचा दांडा समगतीने फिरला तरी मागचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. सांध्याचा कोन १० अंश असेल तर हा फरक सुमारे दीड टक्का वर आणि तितकाच खाली असतो. २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या घरात जातो. पुढचा दांडा मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर मागचा ९४० ते १०६४ या मर्यादांत सतत हेलकावत राहतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा सांधा हीच चूक उलट दिशेने करतो आणि बेरीज शून्य होते. मात्र त्यासाठी दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत असावेत. या दुसऱ्या अटीला कारागीर ‘फेजिंग’ म्हणतात. सरकसांधा एक दात चुकवून बसविला तरी ती मोडते, म्हणूनच वर सांगितलेली छिन्नीची खूण हवी.

स्प्रिंगखाली ठोकळे घालून जीप उंच करणाऱ्यांनी हे गणित आधी करावे. ६०० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टवर गाडी ५० मिलिमीटरने उंच केली तर कोन जवळपास पावणेपाच अंशांनी वाढतो. शाफ्ट १००० मिलिमीटर लांब असल्यास तो तीन अंशांहून कमीच वाढतो. सीजे-३बी चा चाकतळ ८० इंचांचा आणि एमएम-५४० चा ९१ इंचांचा. म्हणजे आखूड जीपला उंचीचा दंड अधिक बसतो. सडकेवर चालणाऱ्या गाडीत सांध्याचा कोन तीन अंशांच्या आत राहणे उत्तम. तो अगदी शून्यही नसावा, कारण कोनच नसेल तर कपातील सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी रुतून खाचा पाडतात.

लांबी आणि समतोल

जोडचकतीची जाडी शाफ्टच्या लांबीत मिळते, ही साधी गोष्ट विसरली जाते. गाडी चाकांवर उभी असताना सरकसांधा मधोमध असावा. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी तो सुटू नये आणि स्प्रिंग पूर्ण दबली तरी टोकाला आपटू नये. आपटल्यास धक्का ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो. लांबी जुळत नसेल तर शाफ्टची नळी कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. हे काम मात्र शाफ्टचे काम नेहमी करणाऱ्या आणि समतोल यंत्र असलेल्या ठिकाणीच द्यावे.

जुनी जीप सावकाश चालते म्हणून तिचा शाफ्टही सावकाश फिरतो, हा समज चुकीचा आहे. सीजे-३बी च्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ५.३८ होते. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेरे घेते आणि शाफ्ट सुमारे २४५०. शाफ्ट ३००० फेऱ्यांवर पोहोचल्यास अक्षापासून ४० मिलिमीटरवर राहिलेला २० ग्रॅमचा वेल्डिंगचा गोळा सुमारे आठ किलो बलाने शाफ्टला बाहेर ओढतो, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला पन्नास वेळा फिरते.

चाचणी आणि देखभाल

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर करावी. वेगाबरोबर वाढणारी थरथर असमतोल किंवा केंद्र चुकल्याची असते. गिअर टाकताना येणारा ‘टक्’ असा आवाज ढिल्या क्रॉसचा किंवा स्प्लाइनचा असतो. चढावर जोर देताना येणारी थरथर बहुधा कोनाची असते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

पुढच्या सांध्याच्या थोडे मागे, शाफ्टभोवती चौकटीला जोडलेला पोलादी पट्टीचा फास बसविणे हे रूपांतराइतकेच महत्त्वाचे आहे. शाफ्टचे पुढचे टोक तुटून जमिनीत रुतले तर धावती गाडी त्यावर काठीसारखी उचलली जाऊ शकते. फास असल्यास तुटलेला शाफ्ट जमिनीपर्यंत पोहोचत नाही. पट्टी, चार बोल्ट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी एवढाच त्याचा खर्च आहे, तरी तो फारच थोड्या गाड्यांत दिसतो.

पावसाळ्यात ओढा ओलांडल्यावर त्याच दिवशी ग्रीसगनने क्रॉसमध्ये नवे ग्रीस भरावे. ते चारही कपांच्या सीलमधून बाहेर दिसेपर्यंत भरत राहावे. तीन कपांतून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर चौथा कप कोरडा आहे आणि क्रॉस तेथेच जाणार आहे. आधी लालसर तपकिरी पाणी आणि मग ग्रीस बाहेर आले तर सुयांना गंज लागलेला आहे. असा क्रॉस पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवू नये.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात ही मर्यादा अधोरेखित केली. झिजलेल्या योकऐवजी त्याच ताकदीचा योक बसविणे ही दुरुस्ती मानता येते. दुसऱ्या मॉडेलचा अ‍ॅक्सल घालणे, गाडीची उंची वाढविणे हे मात्र बदलाच्या व्याख्येकडे झुकते आणि अपघातानंतर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो. प्रवासी परवान्यावर चालणाऱ्या गाडीला योग्यता प्रमाणपत्राची तपासणीही असते. म्हणून अ‍ॅक्सल बदलण्याचा विचार असल्यास भाग विकत घेण्याआधी अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करून उत्तर गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे.